बारा वर्षांच्या स्विफ्टनंतर काय? छोटी एसयूव्ही : पेट्रोल, हायब्रिड की इलेक्ट्रिक (मुक्काम वारजे, गाव गुहागर)

रेवा_वारजे · रविवार, सकाळी १०.१५

मंडळी, आमची २०१३ची स्विफ्ट आता दर दोन महिन्यांनी गॅरेज दाखवते. तिला निरोप द्यायचं ठरलंय. पुढे काय, यावर घरात तीन पक्ष झालेत.

नवरा म्हणतो हायब्रिड (पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर) घे, चार्जिंगची कटकट नाही. सासरे म्हणतात पेट्रोल, "गावाला गाडी बंद पडली तर दत्तू मेकॅनिक बघेल, तुझी बॅटरी कोण बघणार?" मला इलेक्ट्रिक घ्यावीशी वाटते, पण छातीवर हात ठेवून सांगते, भीती वाटते.

माझं चालवणं असं : आठवड्यातून तीन दिवस वारजे–हिंजवडी, येऊन-जाऊन ४० किमी. बाकी शाळा, भाजी, आईकडे. महिन्याला साधारण ९०० किमी. वर्षातून सहा वेळा गुहागर, एका बाजूला पावणेतीनशे किमी, कुंभार्ली घाटातून. गणपतीला तर जावंच लागतं. माणसं चार, शिवाय परतीला नारळ, कोकम, फणस. बजेट ऑन-रोड १६ लाख, फार तर १७. गियर आता नकोत. डावा गुडघा हिंजवडीच्या सिग्नलला कंटाळलाय.

घाटवाट · रविवार, सकाळी ११.०२

रेवाताई, सगळ्यात आधी एकच सांगा. गाडी रात्री कुठे झोपते? स्वतःचं स्टिल्ट पार्किंग, उघड्यावर, की ते खालीवर होणारं पझल पार्किंग? बाकीचं नंतर बोलू.

रेवा_वारजे · रविवार, सकाळी ११.२०

पझल पार्किंग. मधला मजला. 😐

वायरमन · रविवार, दुपारी १२.४५

मग इलेक्ट्रिकचा विचार तिथेच थांबवा, किंवा पार्किंग बदलून घ्या. हलत्या पाळण्याला कायमची केबल लावता येत नाही. कोणी लावून दिली तर त्याला हात जोडा आणि घरी पाठवा.

आणि इलेक्ट्रिक सोडा, पेट्रोलसाठीसुद्धा टेप घेऊन खाली जा. सेडानच्या काळात बसवलेल्या बऱ्याच पझल पार्किंगमध्ये आतली उंची साडेपंधराशे मिलिमीटरच्या आसपास असते. या छोट्या एसयूव्ही सोळाशेच्या वर जातात. गाडी दारात आल्यावर कळलेली दोन घरं मला माहीत आहेत. पैकी एकाची गाडी अजून रस्त्यावर उभी असते.

रेवा_वारजे · रविवार, दुपारी १.३०

मोजलं. १५६०. म्हणजे तिन्ही पक्षांचा निकाल एका टेपने लागला!

खडूस_मिस्त्री · रविवार, दुपारी ३.१०

बगा, ३० वर्षं गॅरेज हाय कोल्हापुरात, म्हणून सांगतो. लोक इंजिनाचं नाव इचारत्यात, गिअरबॉक्सचं इचारत न्हाईत. तुमाला ऑटोमॅटिक पायजे, तर तिथंच खरी गोम हाय.

एएमटी (साधाच गिअरबॉक्स, पर क्लच-गिअर यंत्र बदलतं) सोस्त पडतं, पर घाटात वळणावर गिअर बदलायला इचार करत बसतं. मागनं ट्रक, म्होरं चढ, आन गाडी म्हणतीया थांब जरा. ड्राय क्लचवाली (तेलात न बुडवलेली) ड्युअल क्लच, म्हंजी दोन क्लचांची, झ्याक पळती, पर चढावर ट्रॅफिक तुंबलं आन तुमी इंच-इंच सरकत ऱ्हायला, की क्लच तापतो. टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातनं ताकद देनारं) जुनं तंत्र, तेल थोडं जास्त पितं, पर पोरीला लग्नात द्यावी अशी चीज. मारुतीची ब्रेझा, महिंद्राची थ्रीएक्सओ, स्कोडाची कायलॅक, तिन्हीत हाय.

आन आता पेट्रोल म्हंजी ई-ट्वेंटी. इथेनॉलात पेट्रोलपेक्षा ऊर्जा तिसरा हिस्सा कमी. शंभरात वीस भाग मिसळलं की सहा-सात टक्के तिथंच गेली. नव्या गाड्या त्या हिशेबानं बनवल्यात, इंजिन खराब हुनार न्हाई. पर कंपनीचं मायलेज वाचून सपनं बगू नका.

तिठा · रविवार, संध्याकाळी ६.४०

हायब्रिडवाला मी. ठाण्यात राहतो, टोयोटाची हायरायडर स्ट्राँग हायब्रिड, ३१ हजार किमी झाले.

आधी एक गैरसमज काढतो. शोरूममध्ये 'हायब्रिड' हा शब्द फार सैल वापरतात. मला एका ठिकाणी माइल्ड हायब्रिड दाखवून "सर, हायब्रिडच आहे" सांगितलं होतं. माइल्डमध्ये छोटी मोटर इंजिनाला थोडा हात देते, सिग्नलला इंजिन बंद-चालू करते, एवढंच. नुसत्या मोटरवर गाडी चालत नाही. ब्रेझावर 'स्मार्ट हायब्रिड' वाचलंत तर ते हे. स्ट्राँग हायब्रिडमध्ये गाडी खरोखर बॅटरीवर चालते, आणि तुमच्या हिंजवडीच्या गर्दीत तर अर्धा वेळ इंजिन झोपलेलं असेल.

माझं मायलेज : ठाणे–बीकेसी रडतखडत २३, कधी २४. द्रुतगती मार्गावर शंभरने गेलो की १८-१९. बरोबर वाचलंत, शहरात जास्त. लोकांना हे पटत नाही, पण ब्रेक मारताना वाया जाणारी शक्ती परत मिळते, हेच तर त्याचं भांडवल.

आता उणी बाजू. बॅटरी डिकीखाली बसते, म्हणून डिकी लहान. तुमचा फणस मांडीवर घ्यावा लागेल. घाटात पाय दाबला की तीन सिलिंडरचं इंजिन एका सुरात ओरडत राहतं, वेग मात्र त्या मानाने वाढत नाही. आणि मुख्य : चार मीटरच्या आतली स्ट्राँग हायब्रिड आपल्याकडे मिळतच नाही. हायरायडर, ग्रँड विटारा, व्हिक्टोरिस, सगळ्या ४.३ मीटरच्या पुढे. त्यामुळे कर जास्त आणि तुमचं बजेट पार.

ताळेबंद · रविवार, रात्री ९.५५

कराचा विषय निघालाच आहे तर. (पेशाने सीए, सवयीने चिकट.)

२२ सप्टेंबर २०२५ पासून : चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तर जीएसटी १८ टक्के. दोन्हीपैकी एक अट मोडली की ४० टक्के. म्हणून ब्रेझा चार मीटरच्या आत असूनही दीड लिटर इंजिनामुळे ४० मध्ये जाते. मोठ्या हायब्रिडही तिथेच. इलेक्ट्रिक ५ टक्के, लांबी कितीही असो.

वर महाराष्ट्राचा रोड टॅक्स : पेट्रोलला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांत १२ टक्के. हायब्रिडलाही तोच. उत्तर प्रदेशाने २०२४ मध्ये हायब्रिडची नोंदणी करमुक्त केली, आपल्याकडे ती चैन नाही. इलेक्ट्रिकला रोड टॅक्स नाही. थर्ड पार्टी विम्यात इलेक्ट्रिकला १५ टक्के सूट, हायब्रिडला साडेसात.

भाच्यासाठी गेल्या महिन्यात कोटेशनं घेतली होती, ती समोर आहेत. नेक्सॉनसारखी ऑटोमॅटिक पेट्रोल, मधलं मॉडेल : रस्त्यावर १४ लाखांच्या आसपास. त्याच वर्गातली ४५ युनिटांच्या (किलोवॅट-तास) बॅटरीची इलेक्ट्रिक : साडेपंधरा-सोळा. हायब्रिड : साडेएकोणीसच्या पुढे.

रेवाताईंचं वर्षाला १४ हजार किमी धरलं. पेट्रोल १०४ रुपये, लिटरला १३ किमी (टर्बो ऑटोमॅटिक शहरात यापेक्षा फार देत नाही) : वर्षाला १ लाख १२ हजार. हायब्रिड २०च्या हिशेबाने ७३ हजार. इलेक्ट्रिक, घरचं युनिट ११ आणि बाहेरचं २२ रुपये धरून, गावच्या फेऱ्या बाहेर चार्ज केल्या असं समजून : ३१-३२ हजार.

म्हणजे इलेक्ट्रिकचे वरचे दीड-दोन लाख दोन-अडीच वर्षांत वसूल. हायब्रिडचे साडेपाच लाख वसूल व्हायला चौदा वर्षं. तुलना थोडी अन्यायाची आहे, हायब्रिड गाडीच मोठी आहे. पण खिशाला ते समजावून उपयोग नाही.

खडूस_मिस्त्री · रविवार, रात्री १०.१२

टायर धरला न्हाईसा सायब. इलेक्ट्रिक वजनानं जड, टॉर्क दांडगा. टायर लौकर जात्यात.

ताळेबंद · रविवार, रात्री १०.२०

धरतो. तेलपाणी, फिल्टर, प्लग वाचतात, ते टायरवर उधळा. फिट्टमफाट.

उत्तरा_रॉटरडॅम · सोमवार, पहाटे २.३०

इथे आम्ही यारिस क्रॉस हायब्रिड चालवतो. दीड लिटर, तीन सिलिंडर, लांबी ४.१८ मीटर. हायब्रिडची एवढी छोटी क्रॉसओव्हर तिकडे आली तर तिठा यांचा अर्धा लेख कमी होईल. :) आमच्या गल्लीत नगरपालिकेकडे अर्ज केला की फुटपाथवर सार्वजनिक चार्जिंगचा खांब उभा करतात, त्यामुळे शेजारी सगळे इलेक्ट्रिककडे वळले. पार्किंग कोणाचंच स्वतःचं नाही, तरी अडत नाही. पुण्यात खांब आला तर त्याखाली पाणीपुरीची गाडी लागेल, हलकेच घ्या.

घाटवाट · सोमवार, सकाळी ७.४५

दोन वर्षं, ४३ हजार किमी, नेक्सॉन ईव्ही. पुणे–मुंबई महिन्यातून चारदा. आता माझी बॅटिंग.

घाटाबद्दल बोलतो, कारण ताईंचा अर्धा जीव तिथे अडकलाय. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना साधारण साडेपाचशे मीटर उंची उतरतो. दीड-पावणेदोन टनाची गाडी एवढी उतरवली तर सव्वादोन-अडीच युनिटं शक्ती मोकळी होते. काही रस्ता आणि वारा खातो, उरलेली मोटर उलटी फिरून बॅटरीत भरते. माझी एक-दोन टक्के वाढते. हायब्रिडची बॅटरी जेमतेम पाऊण युनिटाची, ती अर्ध्या घाटातच भरते आणि मग बिचारी इंजिनाचा ब्रेक लावत बसते. पेट्रोलवाला तर सगळं ब्रेकच्या लायनिंगवर जाळतो. येताना हिशेब उलटा. पुण्याकडे चढताना मला जास्त लागते, म्हणून मी परतीची चार्जिंग मुंबईतच उरकतो.

कंपनीचा आकडा विसरा. ४५ युनिटांच्या बॅटरीला कागदावर ४८९ किमी लिहिलंय. कंपनीच स्वतः प्रत्यक्षात ३५० ते ३७५ सांगते. शंभरच्या वेगाने एसी लावून मी २८० धरतो, आणि त्यातले शेवटचे ४० मोजतच नाही.

टोल : द्रुतगती मार्ग, अटल सेतू, समृद्धी माफ. द्रुतगतीला एका बाजूचे ३२० वाचतात. पण तुमच्या गुहागरच्या वाटेवर काही नाही. तो राष्ट्रीय महामार्ग, खेड शिवापूरला आणि आनेवाडीला भरावेच लागतात.

एक गोष्ट शोरूममध्ये कोणी सांगत नाही. ब्रेक न लावता नुसता पाय उचलून गाडी थांबवायची जी जास्तीची पातळी असते, ती चालवणाऱ्याला मजेशीर, मागे बसलेल्यांना वांतीकारक. आमची धाकटी आंबेनळीत दोनदा ओकली. आता घाटात पातळी एकवर.

बावनखणी · सोमवार, सकाळी ९.३०

सीएनजी कोणी बोललंच नाही? नेक्सॉनमध्ये दोन छोट्या टाक्या खाली लावल्यात, डिकी वापरता येते. रोड टॅक्सही पेट्रोलपेक्षा कमी.

तिठा · सोमवार, सकाळी ९.४१

सीएनजीच्या रांगेत गेलेले तास ताळेबंदांनी धरायला हवेत.

ताळेबंद · सोमवार, सकाळी ९.५०

माझ्या तासाचा भाव सांगितला तर सीएनजी सर्वात महाग पडेल.

वाशिष्ठीकाठ · सोमवार, रात्री ८.१५

मी चिपळूणचा. रेवाताई तुमच्या वाटेवरचा माणूस, म्हणून राहवत नाही.

एरवी चार्जिंगचं काही अडत नाही हो. पण तुम्ही गणपतीचं विचारलंत. गणपतीत अख्खं पुणं-मुंबई इकडे उतरतं. चार्जरच्या दोन गन (गाडीत लावायचे प्लग) असतात, एक नेमकी बंद. रांगेत मारामारी नाही होत, पण नजरा होतात. आणि पाऊस, वारा, लाइट जाणं आलंच. ज्याच्या घरी गावाला नीट प्लग आहे त्याला यातलं काही लागत नाही. रात्री लावली, सकाळी मोदकापर्यंत भरली. आधी गावच्या घराचं अर्थिंग बघा. आमच्याकडे जुन्या घरांत अर्थिंगची पट्टी म्हणजे शोभेला लावलेली असते.

वायरमन · सोमवार, रात्री ९.०५

लाख मोलाचं बोललात. गाडीबरोबर येणारा पोर्टेबल चार्जर अर्थिंग मिळालं नाही की चक्क नकार देतो. लोक म्हणतात चार्जर बिघडला. तो बिघडलेला नसतो, तो तुम्हाला वाचवत असतो.

रेवा_वारजे · सोमवार, रात्री ११.००

बाप रे, किती लिहिलंत सगळ्यांनी! ठरवलंय. पुढच्या शनिवारी एक इलेक्ट्रिक भाड्याने घेऊन गुहागर करणार. सासरे पुढच्या सीटवर. कोर्ट तिथेच बसेल.

रेवा_वारजे · पुढच्या आठवड्यातला मंगळवार, रात्री १०.३०

आलो परत. वृत्तांत.

४५ युनिटांची गाडी मिळाली. पुण्याहून १०० टक्क्यांनी पहाटे साडेपाचला निघालो. उंब्रजच्या अलीकडे ५० टक्के. हॉटेलवर चार्जिंगला लावून मिसळ खाल्ली, चहा घेतला, सासऱ्यांचं त्या हॉटेलच्या मालकाशी राजकारण झालं. चाळीस मिनिटांत ८५. ही थांबायची वेळ आम्ही स्विफ्टलाही घालवतच होतो, फक्त तेव्हा ती मोजत नव्हतो.

पाटण, कोयना करत कुंभार्लीच्या माथ्यावर ६३. घाट उतरून पोफळीला ६५. सासरे तेवढ्यापुरते गप्प झाले. "उताराला पेट्रोल परत भरलं जातंय म्हणजे" असं तीनदा म्हणाले, आणि गावात पोचल्यावर दत्तूला चौथ्यांदा सांगितलं. घरी पोचलो तेव्हा ४७.

आणि मग घरी प्लग लावला. लाल दिवा. वायरमनदादा, तुमची आठवण काढून हसले, मग रडकुंडीला आले. पट्टी होती, खाली काहीच नव्हतं. १९८६ची वायरिंग. परतीला चिपळूणला फास्ट चार्जर गाठला. आमच्यापुढे दोन गाड्या, एक गन बंद (वाशिष्ठीकाठ, तुमच्या तोंडात साखर घालू की काय घालू?). पावणेदोन तास गेले. मुलं कंटाळली, फणस पिकला. चढाला पोफळी ते माथा ११ टक्के गेले, ते आधी माहीत असल्यामुळे घाबरले नाही. एकटी असते तर डोळे त्या आकड्यावरून हलले नसते.

गाडी चालवायला मात्र... काय सांगू. चढाला मागनं कोणीतरी हलकेच ढकलतंय असं वाटतं. नवऱ्याने हायब्रिडचा हट्ट कुंभार्लीतच सोडला. आदल्या दिवशी टेस्ट ड्राइव्हला त्या इंजिनाचं ओरडणं ऐकलं होतं ना.

खडूस_मिस्त्री · मंगळवार, रात्री १०.५०

दत्तू काय म्हनला?

रेवा_वारजे · मंगळवार, रात्री १०.५८

बॉनेट उघडून बघितलं. म्हणाला, "वहिनी, ह्यात मला कामच नाही." जरा वाईट वाटलं त्याला. नंतर टायरचं आणि सस्पेन्शनचं माझ्याकडेच आण म्हणाला.

सुपारीखांड · बुधवार, सकाळी ८.२०

पाण्याचं काय? २०२४च्या जुलैत सिंहगड रस्त्याला एकतानगरीत पाणी घुसलं तेव्हा तळमजल्यावरच्या गाड्या बुडाल्या. बॅटरी बुडली तर?

घाटवाट · बुधवार, सकाळी ८.५५

बॅटरीचं खोकं आयपी ६७ चं असतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पुराचं पाणी अर्ध्या तासात परत जात नाही, त्यामुळे बुडाली तर कुठलीच गाडी वाचत नाही. पेट्रोलच्या इंजिनात पाणी गेलं की तेही खोलावं लागतं. विमा घेताना पुराचं कलम वाचा, आणि चालू न करता उचलून न्या. हे तिघींनाही लागू.

रेवा_वारजे · शुक्रवार, दुपारी ४.४०

पार्किंगचं सांगायचं राहिलं. सोसायटीच्या कमिटीला पत्र दिलं. उत्तर आलं, "आज तुम्हाला दिलं तर उद्या सगळे मागतील." मी म्हटलं, तेच तर व्हायला हवं. त्यावर पुढच्या सभेत बघू म्हणाले.

मग तळमजल्यावरच्या कुलकर्णीकाकूंकडे गेले. त्यांची जागा स्टिल्टमध्ये आहे आणि गाडी जुनी मारुती ८००, तीही महिन्यातून एकदा निघते. ती पझलमध्ये बसते. टेपने मोजलं मी, काकू टेपचं दुसरं टोक धरून. जागा बदलून घ्यायला तयार आहेत. बदल्यात त्यांच्या गुडघ्याच्या फिजिओथेरपीला आठवड्यातून एकदा मी सोडायचं, नव्या गाडीतून. कमिटीला दोघींच्या सहीचं पत्र गेलंय, आणि महावितरणकडे वेगळ्या मीटरची चौकशी केली आहे.

गाडी बुक केली. ४५ युनिटांची. रंगावरून वाद चालू आहे.

वायरमनदादा, मीटर खोलीपासून जागा ३५ मीटरवर आहे. शोरूमवाला ७.२ किलोवॅटचा चार्जर लावाच म्हणतोय. लावू?

वायरमन · शुक्रवार, संध्याकाळी ६.१५

तुम्हाला रोजचे ४० किमी. म्हणजे सहा-सात युनिटं. ३.३ किलोवॅटवर दोन तासांत भरतात, आणि तुम्ही रात्री आठ तास झोपता. तो ७.२ कोणासाठी लावताय? सोसायटीचा मंजूर लोडही लिफ्ट आणि पंपातच संपलेला असतो, कमिटीला कमी मागितलंत तर लवकर होकार मिळेल.

केबल मात्र कंजूषपणा न करता घ्या, म्हणजे पुढे मोठा चार्जर लावायचा झाला तर भिंत परत फोडायला नको. ३५ मीटरला तांब्याची १० चौरस मिमी टाका. स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा) आणि विजेची गळती पकडणारा आरसीसीबी पाहिजेच. एक्स्टेन्शन बोर्ड दिसला तर मी स्वतः वारज्याला येऊन तोडेन.

गुहागरच्या घराला दोन अर्थिंग करून घ्या, रॉड, कोळसा, मीठ, नीट खड्डा खणून. जांभा दगड आहे, खणणारा कुरकुर करेल. पावसाच्या आधी खणून घ्या आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालायला कोणाला तरी सांगून ठेवा.

रेवा_वारजे · शुक्रवार, संध्याकाळी ६.३०

पाणी घालायचं काम दत्तूला दिलंय. खूश आहे.